काडी लागलेलं पान

घाटंजीच्या वाचनालयातले काडीवाले काका पुस्तक देण्याआधी आपल्या तोंडाकडे इतका वेळ बघत, की नाकाला काही लागलंय की काय असं वाटायचं. मग पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक सोललेली काडी पुस्तकात खोचायचे. वाचणारा जिथे थांबणार, त्या पानावर. आणि सांगताना आजही अंगावर काटा येतो, पण माणूस तिथेच थांबायचा.

मी अकरावीत होते. एका तत्त्वचिंतक कादंबरीकाराचं नाव वर्गात ऐकलं आणि मोठ्या ऐटीत त्याची पहिली कादंबरी मागायला गेले. ज्याच्या पुस्तकांत माणसं चालतात कमी आणि विचार करतात जास्त, असा तो लेखक.

"पहिलं काहून?" काका म्हणाले. "पहिलं त्यानं सोतासाठी लिवलं. हे तिसरं ने, हे लोकाइसाठी हाय. समजलं नाही तरी वाचत राह्य. त्याले घाई नाही, तूच घाई करून राह्यली."

काडी एक्केचाळिसाव्या पानावर होती. मला असा राग आला! त्याच दुपारी हट्टाने वाचत सुटले, काडी ओलांडून दाखवायचीच होती. एक्केचाळिसावं पान उघडलं आणि शेजारी धावत आले. बाबांना शेतात साप चावला होता.

बाबा आठवड्याभरात बरे होऊन घरी आले. मी मात्र वाचनालयात भांडायला गेले.

"मी काही करत नाही वं बाई," काडीवाले काका म्हणाले. त्यांचाच चेहरा उतरला होता. "पुस्तक पाहून नाही, मानूस पाहून लावतो. हात आपोआप थांबते. आता काडी मोड अन् पुढं चाल."

तो त्यांचा नियमच होता. पुस्तक पुन्हा हातात घ्यायचं तर काडी मोडून फेकायची. मीही मोडत गेले आणि दोन-तीन वर्षांत त्या लेखकाची सगळी पुस्तकं वाचली, एक सोडून. त्याची शेवटची कादंबरी काकांनी आपल्या टेबलाच्या खणात ठेवली होती. स्वतःही वाचली नव्हती. "ते वाचलं का त्याच्यापाशी मले सांगाले काही उरत नाही," म्हणायचे. त्यांच्या या कंजुषीवरून मी त्यांना खूप छळलं.

पुढे मी गावातच शिक्षिका झाले. काका निवृत्त झाले, मग त्यांचे डोळे गेले आणि गेल्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. त्यांच्या मुलीने मला बोलावून घेतलं. ती कादंबरी उशाशीच होती.

"वाच," काका म्हणाले. "शेवट ऐकल्याबिगर जायाचं नाही मले."

"यात काडी नाही ना?"

"आंधळ्याले कोनाचं तोंड दिसते?" ते हसले. मला बरं वाटलं.

सकाळची शाळा सुटली की मी रोज जाऊन वाचायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच "वा रे गड्या" म्हणायचे. खोलीत आम्ही दोघंच असायचो, तरी तिसरं कुणी ऐकतंय असं वाटून मी दाराकडे बघायची.

अठराव्या दिवशी नऊच पानं राहिली. पान उलटलं आणि मधल्या शिवणीत काडी. जुनी, काळी पडलेली, डोळे होते तेव्हा लावलेली.

"काका, ही लबाडी झाली!" मी हसत म्हणाले. "लावली होती ना माझ्यासाठी?"

मी मान वर केली. काका गेले होते.

पुस्तक त्यांच्या मुलीने मलाच दिलं. ती नऊ पानं काकांना ऐकवायची राहिली, याचं मला फार वाईट वाटतं. कधी दुपारी वाचायला बसते, घसा साफ करते आणि खोली एकदम गप्प होते, कुणी ऐकायला बसलं की होते तशी.

पुढं जायचं तर काडी मोडावी लागते. मला ती मोडवत नाही.