शिधापत्रिकेतला अनुक्रमांक पाच

मी आयुष्यात एकदाच सरकारला सल्ला दिला, आणि त्या रविवारी माझी धाकटी मुलगी घरी आली नाही.

झालं असं. कुठल्याशा राज्यात तिसऱ्या मुलाला बक्षीस मिळणार, अशी बातमी फेसबुकवर आली. खाली लोक रडत होते, हसत होते, संतापत होते. आकडा मात्र एकाकडेही नव्हता! मी सापगावातून शिस्तीत लिहिलं : ‘अर्जदारास अपत्ये तीन. खोल्या दोन, कपाट एक, न्हाणीघर एक. तिसऱ्या अपत्यामुळे अर्जदारास ग्रामपंचायतीला उभे राहता आले नाही. तरी दोनच पुरेत.’ पुराव्याशिवाय लिहायची मला सवय नाही, म्हणून शिधापत्रिकेचा फोटो जोडला. (नंबरावर अंगठा धरला होता. नावं उघडीच राहिली.)

संध्याकाळपर्यंत एकशे बारा रडके चेहरे जमले. काही दयाळू बायांनी तर नाव वाचून थेट पल्लवीलाच कळवलं, ‘बाळा, तू नकोशी नाहीस.’ पल्लवी मुरबाडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिचा फोन आला.

“बाबा, अनुक्रमांक पाच म्हणजे मीच ना?”

“हो,” मी म्हणालो. आकडा बरोबर होता.

फोन बंद.

“पोरीला पार चव्हाट्यावर मांडलीत,” बायको म्हणाली. “काढा ते आदी.”

काढायला गेलो, तर ते नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं. खर्डीच्या मेहुण्यानं लगेच विचारलं, “दाजी, पल्लीला वाटणीतून काढली का?”

आता खातं उघडून दिलेलं पल्लवीनंच. पुसायचं कसं तेही तिलाच ठाऊक. तिला विचारायचं कुठल्या तोंडानं? शेवटी त्याच बातमीखाली वेगळं शुद्धिपत्र जोडलं : ‘राहून गेलेली माहिती. गेल्या वर्षी अर्जदाराच्या छातीत दुखू लागले, तेव्हा पहिली दोन अपत्ये पुण्यात होती. तिसरीने रिक्षा आणली व शहापूरच्या दवाखान्यापर्यंत अर्जदाराचा हात सोडला नाही. म्हणूनच अर्जदार हे लिहू शकत आहे. अपत्यांची संख्या बरोबर आहे. हिशेब अर्जदाराचा चुकला.’

पुढच्या रविवारी पल्लवी आली. जेवली, मग माझा मोबाईल ओढून घेतला.

“पहिला अर्ज रद्द,” ती म्हणाली. “हा राहू दे.”

शुद्धिपत्र वाचून कोणी रडलं नाही, संतापलंही नाही. एकच लाल बदाम आला, तो पल्लवीचा. आकड्याची खात्री करायला मी त्यावर बोट टेकवलं, तर दोन झाले.

दुसरा माझाच निघाला!