मिस्त्रींचा लोखंडी रंधा

सहा वर्षं मी अमरावतीला एका मिस्त्रींच्या हाताखाली सुतारकाम शिकलो आणि त्या सहा वर्षांत त्यांनी आपला लोखंडी रंधा मला एकदाही धरू दिला नाही. लाकडी रंधे दिले, करवती दिल्या, शिव्या तर रोज दिल्या. लोखंडी रंधा मात्र त्यांच्या उजव्या हाताशी कुशीवर पडलेला असे. मी हात पुढे केला की ते मान वर न करता म्हणत, "ठेव." बाकीचे शिकणारे सुतारांच्या घरचे होते, मी भाजी पिकवणाऱ्या माळ्याचा. कारण तेच, असं मी ठरवून टाकलं. पुढे अकोल्यात दारं-चौकटींचं स्वतःचं दुकान काढलं, मशिनी घेतल्या, सागवानाच्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारं गिऱ्हाईक म्हणून नाव मिळवलं. पण ते "ठेव" काही डोक्यातून गेलं नाही.

मिस्त्री गेल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा, फोन आला. मुलगा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात, त्याला हत्यारांचा उपयोग नाही. "पेटी इकून रायली मी. तुले काही पाहिजे असंल तं ये."

दुसऱ्याच दिवशी मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून अमरावतीला काकूंच्या घरी पोचलो.

पेटी उघडल्याबरोबर रंधा दिसला, पण मी ओळख दाखवली नाही. जी वस्तू हवी तिच्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं, ही माझी जुनी रीत. आधी करवतींचे दाते पाहिले, पटाश्यांच्या मुठी पाहिल्या, आणि मग सहज हाताला लागल्यासारखा रंधा उचलून कानाशी हलवला. तो खडखड वाजला. मनातून बरं वाटलं. भाव पाडायला यापेक्षा चांगलं काय हवं?

"काकू, याचं तं सगळंच ढिलं झालं. हे पितळी चाक पाहा, नुसतंच फिरते. ही वरची पट्टी आपोआप डोलते. पातं जागेवर राह्यणारच नाही. भंगारातच जाईल हा."

काकू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. "त्याईच्या हातात तं कधी वाजला नाही."

"आता वाजून रायला ना."

"मंग नीट कर. नीट झाला का भाव करू."

"अकोल्याले नेतो. दुकानात आरामानं करतो."

"अन् वापस कोण आणते? इथंच बस."

बसलो. ऐरण म्हणून मिस्त्री रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा वापरत, तो पेटीखालीच होता. पातं काढलं आणि आतले भाग रॉकेलने धुतले. पातं पुढेमागे करणारं पितळी चाक उलट्या आट्यांचं असतं. त्याच्या खाचेत बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक दुबेळकं, दोन टोकांचा काटा, बसतं आणि ते एका बारीक पिनेवर हलतं. ती पीन झिजून मधे पोटाशी बारीक झाली होती. मी खिळा कानशीने घासून नवी पीन केली. दोनदा जाड झाली, तिसऱ्यांदा बसली. मग पट्टीचा रिवेट. पातं तिरपं गेलं तर याच पट्टीने सरळ करायचं, पण तिच्या रिवेटने पकड सोडली होती. रिवेटच्या डोक्यावर अगदी हलके ठोके द्यायचे आणि दर दोन ठोक्यांनी पट्टी हलवून बघायची. तिसऱ्यांदा हलवूनही ती ढिलीच लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी एक जोरात हाणला. पट्टी जाम. मी हातोडी अंगणात भिरकावली.

काकू हसायला लागल्या. "हेच! याच्याच पाई देत नव्हते ते तुले."

"काय?"

"हा रंधा. मले म्हणत, पोट्ट्याचा हात माह्यापेक्षा साफ हाये, पण चिडलं का हातातलं फेकते. अन् हे बीड हाये, पडलं का तडकते."

"एकदा पटाशी फेकली, काकू! एकदा! त्याची सहा वर्षं सजा?"

"एकदा? तीनदा. तिसऱ्यांदा तं माह्या घागरीले लागली."

घागरीचं मला आठवत होतं. मी उठून हातोडी आणली. माळ्याचा म्हणून डावललं हा राग इतकी वर्षं पोसलेला, तो असा एका क्षणात कोणाला परत करता येतो का? तरी पट्टी सोडवताना हात हळू चालला. तेलाचा थेंब, हलकी हालचाल, पुन्हा थेंब. अखेर ती बोटाने सरकू लागली आणि सोडली तिथे थांबू लागली.

"मागच्या दाराले लावून पाहाय," काकू म्हणाल्या. "पावसाळ्यापासून अडकते ते."

पातं परत बसवलं, दार काढून आडवं टेकवलं. चाकात अर्धा फेरा अजून रिकामाच जात होता, पण तो जाणारच. मिस्त्री पातं आधी मागे घेत आणि मग पुढे आणत. शेवटचा फेरा नेहमी पुढचाच, म्हणजे ती ढील उरत नाही. तो रंधा मी कधी चालवला नव्हता, पण सहा वर्षं तो हात बघितला होता. पहिल्याच हाताला दाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड सालपट निघालं, पातळ, आणि जुन्या सागाचा तो तेलकट वास आला. आमच्या मशिनींच्या भुशाला तो येत नाही. आवाज तर अगदी दुपारच्या वेळी मिस्त्रींच्या पडवीतून येई तसाच. शेंगा सोलणं थांबल्याचं मला वळून न बघताही कळलं.

दार बसवून मी आकडा सांगितला. सकाळी मनात धरलेल्या आकड्याच्या दुप्पट. असं मी आयुष्यात केलं नव्हतं.

"नाही इकत," काकू म्हणाल्या.

"काहून? सकाळी तं इकून रायल्या होत्या!"

"सकाळी तो खडखड करे. मले वाटे, गेलं सारं. आता पाह्यलं ना कसा चालते?"

"मी नीट केला म्हणून मलेच नाही? हा कुठचा न्याय? करवती घेतो, पटाश्या घेतो, सारी पेटी घेतो!"

"पेटी ने. हा राह्यते." त्यांनी रंधा घेतला, पदराने पुसला आणि कोनाड्यात कुशीवर ठेवला. "वरची खिडकीबी अडकते. ते करून जाशील, तं याच रंध्यानं कर."

मी म्हणालो, खिडकी करीन, पण माझ्या सवडीनं, अन् वर जेवण लागेल.

"जेवण देईन," काकू म्हणाल्या. "सवड माही. आयतवारी ये."