शिक्क्याचं टोक

माझ्या मावशीला स्वतःचं जन्मसाल ठाऊक नाही, पण सुतळीशी तिची जोडी कधी जमली ते ती वारासकट सांगते. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरीची घडी एकटीच्याने होत नाही. दोघी लागतात. सुतळी, अंगाने तशीच म्हणून हे नाव, शिक्क्याचं टोक धरायची आणि मावशी समोरचं. झटका, ताण, दुमड, मग दोघी चालत एकमेकींजवळ. जवळ आल्या की काठावरचा वॉर्डाचा शिक्का मावशीच्या डोळ्यांपुढे यायचा आणि ती ओरडायची, “बाळंतिणी!” नाहीतर “हाडं!” सुतळी घडी त्या थप्पीवर टाकायची. अक्षर दोघींनाही येत नव्हतं. मावशीला शिक्के माणसांच्या चेहऱ्यांसारखे पाठ होते. अकरा वर्षांत एक चादर चुकली नाही.

मग एक दिवस मुकादम म्हणाला, “वाटपाच्या खिडकीवर बाई हवी आहे. जिला चिठ्ठी लिहिता-वाचता येईल तिला जागा.”

खिडकीपाशी खुर्ची होती. वर पंखा होता. सुतळी दुसऱ्याच दिवशी काम सुटल्यावर बायकांच्या वर्गात जाऊन बसली. वर्ग बालवाडीत भरायचा. फी नाही, वही-पेन्सिलही त्यांचीच.

“फुकट?” मावशी म्हणाली. “मला नाही खरं वाटत.”

“अगं, खरंच. आमच्या बाई म्हणतात...”

“आमच्या बाई! आठ दिवसांत आमच्यासुद्धा झाल्या?”

मावशीने घरी येऊन माझ्या आईपुढे गाऱ्हाण्यांचं दप्तर उघडलं. “डबा खाताना वही काढून बसते. मी समोर बसलेय, माझ्याशी बोलायचं सोडून ‘क’ काढते. आणि तो ‘क’ किती घाणेरडा, सांगू?”

“तुला काय कळतंय गं त्यातलं?”

“घाणेरडं कळायला शिकावं लागतं?”

“ताई, तुझ्या पोटात दुखतंय. तूही जा की.”

“मी? ह्या वयात? ती खिडकीत जाऊन बसली तर चादरीचं दुसरं टोक काय भिंतीला बांधू?”

आणि सोमवारी गेली. म्हणे, फक्त त्या बाईचं तोंड बघून येते.

बालवाडीच्या वीतभर खुर्चीवर ती बसली तेव्हा गुडघे हनुवटीला लागले. बाई वयाने लहान, चष्मेवाली, बायकांबरोबर जमिनीवर बसणारी. मावशीला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच, की बाई चांगली निघाली. त्यात सुतळी बाईंना खेटून बसलेली, आणि पेन्सिलीला टोक करायला बाईंकडेच देणारी.

बाईंना वाटलं, ओळखीचा शब्द द्यावा. त्यांनी एका कार्डावर ‘प्रसूती’ लिहून मावशीच्या हातात दिलं. “बघा बरं, तुमच्या चादरींवरचाच शब्द आहे.”

मावशीने बघितलं. भुवया चढवल्या. कार्ड गर्रकन फिरवून उलटं धरलं आणि छाती पुढे काढून ओरडली, “बाळंतिणी!”

वर्गात हशा पिकला. एक जण म्हणाली, “अहो, उलटं धरलंय!” सगळ्यांत मोठ्यांदा हसली सुतळी. मावशी उठली, पण खुर्ची तिच्याबरोबर उठली, अडकलेली. त्यावर आणखी हसू.

दुसऱ्या दिवशी मावशीने चादर अशी ओढली, की सुतळी दोन पावलं फरफटत आली.

“अगं, हात उपटशील माझे!”

“बाईंना सांग, देतील जोडून.”

सुतळी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. हातातल्या शिक्क्याकडे बघितलं, मग समोरच्या मावशीकडे. पुन्हा शिक्क्याकडे.

“इकडे ये. माझ्या जागेवर उभी राहा.”

“का म्हणून?”

“राहा म्हणते ना!”

जागा बदलल्या. शिक्का आता मावशीच्या मुठीत होता, आणि मावशी त्याच्याकडे परक्यासारखी बघत होती.

“हा कुठला वॉर्ड?”

“बाळंतिणी,” सुतळी म्हणाली. आज ती हसत नव्हती. “समोर उभं राहून तुला तो कायम डोक्यावर उभा दिसला. कार्ड तू बरोबरच ओळखलंस. हसायला नको होतं मी.”

मावशीने टोक फिरवलं. उलटं, सुलटं, पुन्हा उलटं. माफी तिला ऐकूच गेली नसावी.

“म्हणजे अकरा वर्षं सुलट बाजू तू धरून बसलीस?”

“मला कुठे वाचता येत होतं!”

“पण धरलीस ना!”

त्या संध्याकाळी मावशी पुन्हा वर्गाला गेली. सुतळीच्या आधी, आणि थेट बाईंच्या शेजारी जागा धरून.

परीक्षा झाली, सुतळी खिडकीवर गेली. मावशीला नवी जोडीदारीण मिळाली. तिच्या हाती ती शिक्क्याचं टोक चुकूनही देत नाही. थप्पीबरोबरची चिठ्ठी आता मावशी स्वतः लिहिते आणि खिडकीतून मुद्दाम उलटी आत सरकवते.

“नीट दे की गं!” परवा सुतळी ओरडली.

“वाच तशीच. मी अकरा वर्षं वाचलं.”

सुतळीने कागद फिरवला नाही. मान वाकडी करून, एकेक अक्षर लावत वाचलं, “बा... ल... रोग. चादरी तीस.”

“चूक आहे कुठे?”

“नाही.”

“पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे,” मावशी म्हणाली. “मुकादम दुपारच्या पाळीलाही बाई बघतोय, तेव्हा ही खुर्ची माझी. बुडाखाली मऊ उशी घेतलीयस ना, घरी जाताना उचलून नेऊ नकोस.”