गौतमचा दोन डिस्कांचा डबा

"गेलं, मावशी. एक डिस्क उडाली," गौतम म्हणाला आणि कॉम्प्युटरला लावायच्या डब्याची वायर हातात धरून बसला.

माझी नात सुजाता शेजारच्या खुर्चीवर होती. आठ दिवसांवर तिचं लग्न होतं. त्याआधी आईच्या लग्नाची फिल्म एकदा बघायची, म्हणून ती आली होती. तिची आई, म्हणजे माझी लेक, सुजाता दोन महिन्यांची असताना वारली. आईचा आवाज सुजाताने ऐकलेला नव्हता. त्या लग्नाची आमची सीडी जावयाच्या घरी राहिली. त्याने दुसरं लग्न केल्यावर ती कुठे गेली, कुणी विचारलं नाही. फिल्म उरली होती ती गौतमकडेच.

"दुसरी डिस्क हाय ना?" सुजाता म्हणाली.

"हाय. पण एकेक फिल्म दोन्हींत मिळून लिहिलेली. नुसत्या अर्ध्यातून काहीच निघत न्हाई, बाई."

ती उठून गेली. मला रडू आलं नाही. समोर चहा होता, तो मी पिऊन टाकला.

गौतम आमच्या डोंगरकडा गावात लग्नाची शूटिंग करायचा. मांडवात गेला की आधी म्हाताऱ्यांवर कॅमेरा धरायचा. नवरा-नवरी ताटकळत उभी. एक नवरदेव चिडला, "लगन माझं हाय का आज्याचं?" गौतम म्हणाला, "तू कधीबी सापडशील. आजा पुढच्या लग्नाला सापडत न्हाई." घरात कुणी गेलं की भिंतीवर लावायला फोटो नसायचा. मग लोक त्याच्याकडे यायचे आणि तो जुन्या लग्नातून काढून द्यायचा. म्हणून त्याने कुणाचं लग्न कधी पुसलं नाही. कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं.

ते ठेवायला डिस्क घ्यायची, म्हणून तो नांदेडला गेला. दुकानदाराने दोन दाखवल्या. एक साधी, एकाच डिस्कची. दुसरा डबा, त्यात दोन डिस्का. एकीत टाकलं की तेच दुसरीतही आपोआप लिहिलं जायचं. किंमत दुप्पट. त्याने डबा आणला. "म्हातारी माणसं हाईत आत. एकीच्या भरवशावर कशी ठेवू?"

तीन वर्षांत डबा भरला. दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. डब्याच्या मागे एक बटण होतं. ते फिरवलं की दोन्ही डिस्का मिळून एकच डिस्क व्हायची. जागा दुप्पट, पण नक्कल राहायची नाही. एक तर जुनी लग्नं पुसायची, नाहीतर बटण फिरवायचं. दोन दिवस तो नुसता बसून होता. माझं घर त्याच्या दुकानाला लागून. मी गेले.

"एकच गोष्ट दोनदा काहून ठेवून राहिला?" मी म्हणाले.

"बियाणं तुमी दोन जागी ठेवता ना, मावशी?"

"बी पेरावं लागतं. हे काय पेरणार हायस? फिरव."

"एक बिघडली तर?"

"तू पन्नाशीला आला. तू बिघडलास का?"

तो हसला. बटण फिरवलं की आतलं सगळं पुसलं जायचं, म्हणून फिल्मा आधी उसन्या डिस्कांवर उतरवल्या, माझ्यासमोर बटण फिरवलं, मग सगळ्या परत भरल्या. उसन्या डिस्का ज्याच्या त्याला देऊन आला.

पुढे ती एक डिस्क उडाली तेव्हा गावातले लोक दुकानात येऊन बोलून गेले. "जागेच्या लालचीनं आमचा बाप बुडवला," एक जण म्हणाला. "कुणी सांगितलं होतं तुला?"

मी तिथेच बसले होते.

"कुणी न्हाई. माझीच अक्कल," गौतम म्हणाला.

ते गेल्यावर मी विचारलं, "माझं नाव काहून घेतलं न्हाईस?"

"लेक तुमची गेली, फिल्म तुमची गेली. वरून बोलणीबी तुमीच खाणार का?"

सुजाताच्या लग्नाची शूटिंग त्यानेच केली. पैसे घेतले नाहीत. माझ्यावर कॅमेरा धरून म्हणाला, "बोला काहीबी." मी पदर सारखा केला.

पुढच्या उन्हाळ्यात तो काविळीने गेला. पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या वेळी, लोक त्याच्याबद्दल चांगलंच बोलले. शेवटी एकाने म्हटलं, "माणूस सोन्यासारखा. तेवढं बटण फिरवायला नको होतं त्यानं." सुजातानेही मान डोलावली. "फिरव" असं मीच म्हणाले होते, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

बटण फिरवलं तेव्हा दुकानात आम्ही दोघंच होतो. गौतम गेला. मी आहे.