अक्षता केव्हा पडतात

सत्तर सालच्या सुमारास मी बंगालात, बालीगंजच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. एके सकाळी पूजा आटोपून उठतो, तो दारात बेहाल्याचे एक बंगाली चित्रकार उभे. चित्रे काढून ती पडद्यावर हलविणे हा त्यांचा व्यवसाय. एका साडीच्या दुकानासाठी ते जाहिरात करीत होते. चित्रगृहात मुख्य चित्रपटाआधी ती दाखवायची होती. तीत प्रांतोप्रांतीच्या नवऱ्या एकामागून एक येत. मराठी नवरीवर अक्षता पडत, आणि तेथेच घोडे अडले होते.

"मालक म्हणाले, ह्या अक्षता नव्हेत, तांदळाची गोणी फुटली आहे," चित्रकार खिन्नपणे म्हणाले. "पौर्णिमेनंतर पुन्हा पाहतील. तेव्हाही जमले नाही, तर मराठी नवरी गाळायची."

आमचे संभाषण हिंदी आणि बांगला यांच्या सीमेवर चाले. येथे ते मराठीत देत आहे.

आमची ही आतून बाहेर आली. "गुजराती नवरी आहे ना?"

"आहे, मासीमा."

"मद्रासकडची?"

"तीही आहे."

"मग आमचीच का गाळायची?" असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. तो निर्णय जणू मीच दिला होता.

चित्रकारांनी आपली रीत समजावून सांगितली. आधी मुख्य चित्रे काढायची: दाणे मुठीत, दाणे हवेत सर्वांत उंच, दाणे नवरीच्या मस्तकावर. मंगलाष्टकाच्या कोणत्या अक्षरावर कोणते चित्र यावे, हे एका तक्त्यावर ठरवायचे. मग मधली चित्रे भरली की दाणे उडताना दिसतात. त्यांनी 'सावधान' या शब्दावर सारे दाणे एकदम उडविले होते आणि एकदम खाली आणले होते. कवायत उत्तम होती. लग्न तेवढे दिसत नव्हते.

"पंडितमोशाय, मला एक मराठी लग्न पाहू द्या."

कार्तिकात तुळशीचे लग्न लागेपर्यंत माणसांनी थांबायचे असते; परंतु तुळशीचेच लग्न तोंडावर आले होते. तेथेही अंतरपाट असतो, मंगलाष्टके असतात, प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'सावधान' म्हणतात आणि जमलेली मंडळी अक्षता टाकतात. द्वादशीच्या संध्याकाळी चित्रकार आमच्या गच्चीवर कागद-पेन्सिल घेऊन बसले. लग्न लागले. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "फार भरभर झाले. पुन्हा एकदा?"

"कन्यादान झाले आहे," मी म्हणालो. "एका मुलीचे लग्न दोनदा लावता येत नाही. परंतु पौर्णिमेपर्यंत कोणत्याही संध्याकाळी हा विधी चालतो, आणि येथील मराठी घरे आपापली सोय पाहून दिवस निवडतात."

"म्हणजे आणखी मुली आहेत?"

"प्रत्येक कुंडीत एक."

गच्चीवर जे पाहिले, त्याने मी मात्र व्यथित झालो होतो. परक्या माणसासमोर आमची मंडळी वाटेल तेव्हा अक्षता फेकीत होती. बँकेतल्या एका गृहस्थांची अख्खी मूठ पुढच्याच्या मानेवर आदळली होती. मंगलाष्टके घरोघरी मीच म्हणत असे; म्हणून दुसऱ्या घरी ती सुरू करण्यापूर्वी मी चार शब्द सांगितले: 'सावधान' पूर्ण उच्चारू द्यावे, मगच हलक्या हाताने, सर्वांनी मिळून टाकाव्यात. मंडळींनी माझ्या ओठांवर दृष्टी लावली. शब्द संपला, मुठी उघडल्या, दाणे एका क्षणी उडाले आणि एका क्षणी पडले. माझे मन भरून आले.

चित्रकारांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे तर हुबेहूब माझे चित्र आहे."

"मग उत्तमच झाले."

"मालकांनी नाकारलेले चित्र, पंडितमोशाय."

त्यानंतर सारेच अवघड झाले. माझा उपदेश माझ्याआधी घरोघर पोहोचू लागला. आमचा समाज लहान, आणि बातमी ट्रामपेक्षा वेगाने जाई. मी म्हणे, "निःसंकोच टाका." लोक हसत. तेच बँकेतले गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, आमची परीक्षा घेताय होय? एक दाणा सुटायचा नाही." एका घरी तर यजमानांचा हात किंचित वर जाताच यजमानीण बाईंनी त्यांचे मनगटच धरले.

पौर्णिमेला शेवटचे लग्न हावड्यात होते. चित्रकार कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. मी मंगलाष्टके सुरू करण्यापूर्वी आमची ही माझ्या कानाशी पुटपुटली, "अहो, ती पोर आता पडद्यावरून जाणार. काहीतरी करा."

मी म्हणू लागलो. साऱ्या मुठी बंद, सारे डोळे माझ्या ओठांवर. कडवे निम्म्यावर आले. 'सावधान' अजून दूर होते. मी हिच्या हातातल्या तबकातून मूठभर अक्षता उचलल्या आणि टाकल्या.

"अगं बाई, गुरुजींनीच टाकल्या," एक आजी म्हणाल्या, आणि त्यांनीही टाकल्या. मग कोणी कोणाचे ऐकेना. कोणी शब्दाच्या आधी, कोणी शब्दावर, कोणी शब्द विरून गेल्यावर. मागच्यांच्या अक्षता तुळशीपर्यंत न पोहोचता पुढच्यांच्या अंबाड्यात विसावल्या. मी 'सा' लांबवीत असता काही माझ्या मुखात आल्या. पुढचे कडवे मी त्यांच्यासह म्हटले. कोपऱ्यात पेन्सिल धावत होती.

नव्या तक्त्यात चित्रकारांनी प्रत्येक मुठीला वेगळा मुहूर्त दिला. मालकांनी नवे चित्र पाहून एकच प्रश्न विचारला. "हे म्हातारे गृहस्थ मधेच का टाकतात?"

"ते संस्कृतचे पंडित आहेत," चित्रकार म्हणाले. "शास्त्रात तसे असणार."

मालकांनी हात जोडले, आणि नवरी राहिली. त्या शास्त्राचा आधार मी अद्याप शोधतो आहे.

जाहिरात लागली तेव्हा आम्ही दोघे चित्रगृहात गेलो. गुजराती नवरी आली, आमची आली, तिच्यावर विखुरत अक्षता पडल्या. मद्रासची येण्यापूर्वीच ही उठली. दाराशी तिकिटे पाहणारा माणूस गोंधळला. "मासीमा, सिनेमा तर आत्ता सुरू होतोय."

"आमचं लग्न लागलं," ही म्हणाली, आणि पदर सावरून पायऱ्या उतरू लागली.