पडदा बोलायला लागला

दोन वर्षं मी कचेरीत सगळ्यांशी खोटं बोलत होते. तोंडाने नव्हे, वागण्याने. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, नजर आधी कडेकडून, मग मधूनही कमी होत जाईल आणि त्यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. घरी फक्त सासूबाईंना आणि यजमानांना ठाऊक होतं. सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात मी एकवीस वर्षं काम करत होते. कोणती नोंदवही कुठे, कोणत्या कपाटाचा कोणता खण, सगळं पाठ. संगणकावर अक्षरं एवढी मोठी करायची की एका वेळी चार शब्द मावायचे. कुणी विचारलं तर चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणायची. देवाकडे मात्र एकच मागणं होतं, डोळे दे. रोज तेच. आणि रोज थोडं कमी दिसायचं.

आम्ही लिंगायत. आमच्याकडे सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकटक पाहत पूजा करतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनीच मला ती नीट शिकवली. एका सकाळी तळहातावर नुसता काळसर डाग दिसला आणि मी मध्येच थांबले. ज्याच्याकडे पाहायचं तोच दिसेनासा झाला तर मी पूजा कशाची करायची? सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतात. त्यांनी माझी मूठ हलकेच मिटवली आणि म्हणाल्या, "लिंग हातात हाय न्हवं? मग घाबरतीस कशाला?" मला ते तेव्हा पटलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं समजावणं म्हणून सोडून दिलं.

मग ती चूक झाली. एका प्रकरणात सुनावणीची नोटीस बार्शीच्या एका बाईंना जायची होती. यादीत सारख्या आडनावाच्या दोघी होत्या. मी खालच्या ओळीतला पत्ता वरच्या नावापुढे टाकला. नोटीस भलत्याच गावी गेली, बाई सुनावणीला आल्या नाहीत आणि त्यांच्या माघारी प्रकरण निकाली काढायची वेळ आली. कुणाकडून तरी कळल्यावर त्या सकाळच्या एसटीने आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "कागद आलाच न्हाय बाई मला. आला असता तर मी चालत आले असते."

त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. आवाज मात्र आजही कानात आहे. तोवर मला वाटायचं, माझं दुखणं मी एकटीच सोसतेय. त्या दिवशी कळलं, ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात जाऊन पोचलंय.

साहेबांनी सुनावणी पुन्हा लावली आणि मला आत बोलावलं. ते कठोर माणूस नाहीत. तब्येत बरी नसेल तर स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा, आठ दिवसांत सांगा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी मान हलवली. खरं कारण तेव्हाही सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारी कचेरी सुटल्यावर सिद्धेश्वरांच्या देवळात गेले. दर सोमवारी जायचेच, पण त्या दिवशी दर्शन घेताना ओठांवर मागणंच येईना. परत निघाले. ऊन उतरत होतं, अशा उजेडात मला सगळं सपाट दिसतं. पाय पुढे टाकणार इतक्यात बाजूने आवाज आला, "सावकाश. पायऱ्या हायत तितं. तीन हायत."

तळ्याकडच्या कठड्याला टेकून साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. गुडघ्याशी पांढरी काठी. मी पायऱ्या चाचपून उतरले आणि मग लक्षात आलं, ज्यांनी मला सावध केलं त्यांना स्वतःलाच दिसत नव्हतं. माझी पावलं न थबकता पायरीकडे येताना त्यांनी ऐकली होती. त्यांच्या हातातला फोन काहीतरी भराभरा बोलत होता, इतक्या वेगाने की मला एकही शब्द कळेना. मी विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, नातीचा मेसेज आलाय, वाचतोय.

मी त्यांच्या शेजारी बसले. का ते सांगता येत नाही, पण दोन वर्षं जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी माणसाला सांगितलं. बार्शीच्या बाईंचंही सांगितलं. ते सोलापूरजवळच्या होटगीचे. रेल्वेच्या कार्यालयात कामाला होते, चाळिशीत दृष्टी गेली, तरी निवृत्तीपर्यंत संगणकावरच काम केलं. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर असतो, तो फुकटही मिळतो आणि मराठीही वाचतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी माणसाला घरी बसवता येत नाही आणि कामाला लागणारी साधनं मागायचा आपल्याला हक्क आहे, हेही. एकवीस वर्षं सरकारी कागद हाताळून मला यातलं काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, मी तर देवाकडे डोळे मागतेय. त्यावर ते म्हणाले, "मागा की. मागू नका म्हणत न्हाय मी. पर तवर काम कशाला थांबवायचं?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर बसले आणि कचेरीत पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं, "साहेब, मला दिसत नाही." डॉक्टरांचा कागद आणि साधनांसाठीचा अर्ज पुढे ठेवला. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, हे आधी का नाही सांगितलंत? काम जमतंय का ते पाहायला त्यांनी तीन महिने दिले. संगणकावर स्क्रीन रीडर बसला, हेडफोन आले.

होटगीचे काका आठवड्यातून दोनदा रिक्षाने आमच्या घरी यायचे. माऊस त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावला. कीबोर्डच्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, तिथे बोटं टेकवून बाकीच्या कळा ओळखायच्या. इतकी वर्षं टाइप करून ते उंचवटे मला कधी जाणवलेच नव्हते. मी टाइप केलेलं संगणक वाचून दाखवायचा, ते सासूबाई समोर बसून ऐकायच्या आणि मी चुकले की माझ्याआधी त्यांनाच कळायचं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कचेरीतली जुनी पत्रं ज्या फॉन्टमध्ये होती ती स्क्रीन रीडर वाचेना, नुसती बडबड ऐकू यायची. मी घाबरून काकांना फोन केला. ते हसले. म्हणाले, पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येतात अशा अक्षरांत लिहायची, जुनी बदलून घ्यायची, यात दोष तुमचा न्हाय. मी तसं साहेबांना सांगितलं आणि त्यांनी सगळ्या विभागांना युनिकोडची सक्ती केली. छापील टपाल फोनचा कॅमेरा वाचतो. हाताने लिहिलेलं त्याला अजून जमत नाही. ते शेजारच्या टेबलावरच्या मॅडम रोज अर्धा तास वाचून दाखवतात. त्याच्या बदल्यात त्यांचं टाइपिंग मी करते.

बार्शीच्या बाईंची नवी नोटीस मी स्वतः लिहिली. पत्ता तीनदा ऐकला आणि पोचल्याची खात्री फोनवर करून घेतली. सुनावणी झाल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी उठून त्यांचे हात धरले आणि झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "व्हय, पर आता वाचतंय न्हवं तुमचं मशीन? बास मग." निकाल त्यांच्या बाजूने लागला, हे मला नंतर फाइलमधूनच ऐकायला मिळालं.

तीन महिने संपले तेव्हा साहेबांनी अर्जावर टाइप करून दिलेला शेरा मी माझ्या हेडफोनमधूनच ऐकला. काम समाधानकारक, साधने कायम ठेवावीत. आज मी त्याच टेबलावर आहे. नजर आणखी कमी झालीय. सकाळी इष्टलिंग हातात घेते, मूठ मिटते, आणि पूजा होते.

काकांना एकदा म्हटलं, त्या दिवशी देवानेच तुम्हाला तिथे पाठवलं. ते म्हणाले, "मी दर सोमवारी तितंच बसतो की. नऊ वर्षं झाली. तुमी थांबला त्या दिवशी."

नऊ वर्षं. म्हणजे डोळे धड होते तेव्हाही दर सोमवारी मी त्यांच्यासमोरून गेले असणार. देवाने माझी मदत कधीची तिथे आणून बसवली होती. मी मात्र ताठ मानेने पुढे जात होते. शरण जाणं म्हणजे हात जोडून काहीतरी मागणं, असं मला वाटायचं. मला ते जमलं ते मात्र तीन पायऱ्या उतरून एका अनोळखी माणसाशेजारी बसल्यावर, खरं बोलल्यावर. त्यासाठी मला थांबवलं गेलं, याबद्दल मी सिद्धेश्वरांची जन्मभर ऋणी आहे.