जेवणाच्या वेळचा फोन

धाकटी परदेशी शिकायला निघाली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, पोरगी गेली हातची. तसं काही झालं नाही. ती रोज सकाळी वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात, फोन समोर धरून बसलेली असायची. इथे जेमतेम उजाडलेलं असे, तिकडे घरी दुपारच्या जेवणाची वेळ. घरचा फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला. समोर बाबा. बाबांपुढे ताट.

"बाबा, घास घ्या," धाकटी म्हणायची.

बाबा घास घ्यायचे.

बाबा शिंपी. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत ते त्याची छाती आणि खांदा मनात मापून मोकळे होत. टेप लावायचे ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. एके दिवशी त्यांच्या हातातून कात्री पडली ती पडलीच. उजवा हात गेला, अर्धी वाचा गेली. इस्पितळातून घरी आल्यावर त्यांनी अन्नाकडे पाठ फिरवली. आईने विनवण्या केल्या, दादाने दटावलं, वहिनीने लाडीगोडी लावली, डॉक्टरांनी नाकात नळी घालायची भीती घातली. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

धाकटीचं सत्र तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. ती फोनवर आधी रडली, मग भडकली. "बाबा, हा घास घेतला नाहीत ना, तर मी उद्या बॅग भरून परत येते. मग बसा!"

बाबांनी तोंड उघडलं.

त्या दिवसापासून तो नेमच पडला. धाकटीने सांगितल्याशिवाय बाबा जेवत नाहीत, असं घरात ठरून गेलं. ठरवलं कुणी, ते कुणालाच सांगता आलं नसतं. मावशी चार घरी जाऊन सांगत, "पोरगी साता समुद्रापलीकडे, पण बापाला घास भरवते. मुलगा आहे हाताशी, त्याला जमलं का?" दादा हे ऐकून हसत असे. दुसरं करणार काय?

धाकटी मातीचा अभ्यास करत होती. वर्गातली मुलं सकाळी गाडीत बसून शेतांवर जात, खड्डे खणत, पिशव्या भरून माती आणत. धाकटीने सबंध सत्रात एकही खड्डा खणला नाही. दुसऱ्यांनी आणलेली माती ती वाळवायची, चाळायची, तोलायची. त्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नखांत माती घेऊनच ती जेवायला बसे आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

बाबांचं जेवण उरकलं की दादा त्यांना उठवून खाटेवर नेई. मग आई फोन आपल्याकडे वळवायची आणि आपलं ताट वाढून घ्यायची. जेवता जेवता बोलत राहायची. शेजारणीच्या सुनेचं, नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याचं, दादाच्या डोक्यावर दिसू लागलेल्या टकलाचं. धाकटी घड्याळावर एक डोळा ठेवून हं हं करायची. कधी कधी तर फोन तसाच ठेवून दात घासून यायची. आईला ते चालत असे.

खोलीत तिच्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीला सगळे वकील म्हणत. शिकत होती ती रसायनशास्त्र, पण सुतावरून स्वर्ग गाठायची आणि वाटेत प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायची. भाषा एकच, त्यामुळे भांडणाची सोय होती.

"आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, ही म्हण ऐकली होती," वकील म्हणायची. "तुझं भलतंच. तुझा बाप तिकडे जेवतो आणि इकडे तू ढेकर देतेस."

"तुला नाही कळायचं."

"मला कळत नाही म्हणूनच विचारते. रात्री कोण भरवतं त्यांना?"

"रात्री नुसतं दूध घेतात. आई सांगते."

"एवढा मोठा माणूस, नुसत्या दुधावर?"

धाकटीने तिला उशी फेकून मारली.

सत्र संपत आलं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात खोकी साठू लागली. मुलं बॅगा उचलून उचलून वजनाचा अंदाज घेत होती. फ्रिजमध्ये कुणाकुणाच्या अर्ध्या बाटल्या बेवारस पडल्या होत्या. जो तो घरी जायच्या आनंदात. धाकटी मात्र घराचं नाव काढलं की विषय बदलायची. घरी गेलं की दुपारचं जेवण, मग रात्रीचं जेवण, मग दुसऱ्या दिवशीचं. आता निदान फोन ठेवता तरी येत होता.

तशात प्राध्यापक बाईंनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. बाई कामाचं तेवढंच बोलत. भट्टीतून मातीचे ट्रे बाहेर काढता काढता त्यांनी विचारलं, "पुढचं वर्ष माझ्याकडे काम करशील? सत्र संपायच्या आत सांग. तू नाही म्हणालीस तर दुसरं कुणी बघावं लागेल."

धाकटीने मान हलवली. ती हो होती की नाही, ते बाईंना कळलं नसावं. ती खोलीवर आली आणि बूट न काढताच पलंगावर बसली.

"मग? हो म्हण आणि मोकळी हो," वकील म्हणाली.

"आणि बाबा? पुढच्या वर्षी सकाळी शेतांवर जावं लागणार. रोज."

वकिलाने भिंतीवरचं परीक्षेचं वेळापत्रक बघितलं. तिचा चेहरा खुलला. "शेवटचा पेपर सकाळी आहे. ऐन तुझ्या फोनच्या वेळेला."

"माहितीय. तीच तर काळजी आहे."

"अगं, काळजी कसली? तीच तर परीक्षा आहे. बाबांची. त्या दिवशी तुझा फोन बंद. तुझ्याशिवाय ते जेवले तर तू राहायचं. नाही जेवले तर जा परत, मी एक शब्द बोलणार नाही."

"तू? एक शब्द?"

"बरं, दोन बोलेन."

जेवण पुढे ढकलता येत नव्हतं. साखरेच्या आजाराची गोळी घेतली की बाबांना लगेच खावं लागे. शेवटी वकिलालाच युक्ती सुचली. धाकटीने ओट्याजवळ बसून एका अख्ख्या जेवणाचा व्हिडिओ करायचा. वकील फोन धरून समोर उभी राहिली.

"बाबा, घास घ्या," धाकटी म्हणाली. मग थांबली. "चावा नीट. हं. आता पाणी."

"इतक्या लवकर पाणी? ठसका लागेल बिचाऱ्यांना."

"तू हसवू नकोस. बाबा, अजून एक. शाब्बास."

शाब्बास म्हणताना तिने समोर नसलेलं ताट पुढे सरकवलं. वकिलानेही मग थट्टा केली नाही. व्हिडिओ घरी गेला. आईने तो मिळाल्याचं सांगितलं आणि म्हणाली, "तू बिनघोर पेपर लिही. इकडचं आम्ही बघतो."

पेपराच्या सकाळी सगळ्यांनी फोन बंद करून दारापाशी बॅगांत ठेवले. धाकटी खिडकीजवळ बसली होती. प्रश्न सोपे होते. तिने लिहायला घेतलं आणि अर्ध्या वाक्यात तिचा हात थांबला. घरी आता ताट वाढलं असेल. तिचे ओठ आपोआप हलले. पर्यवेक्षक जवळ येऊन उभा राहिला, कुणाला उत्तर तर सांगत नाही ना हे बघायला. ती ओशाळली आणि खाली मान घालून लिहू लागली. मग लिहीतच गेली. पाणी मातीत कसं धरून राहतं, कुठल्या मातीतून निसटून जातं, मुळांना ओढून न घेता येणारं पाणी कुठलं. तिला सगळं येत होतं. मध्येच तिच्या लक्षात आलं की बराच वेळ तिला घराची आठवण झालेली नाही. त्याचं तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

बाहेर येऊन तिने फोन सुरू केला. आईने लगेच उचलला.

"जेवले?"

"नाही गं," आई म्हणाली. "व्हिडिओ लावला, पण त्यांनी ओळखलं. तोंड मिटून बसले. असू दे. तुझा पेपर कसा गेला?"

"बरा गेला."

ती जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. वरून मुलांचे लोंढे उतरत होते, कुणी टाळ्या देत होतं, कुणी गळ्यात पडत होतं. सगळे तिला वळसा घालून जात. वकील धावत आली, तिचा चेहरा बघितला आणि शेजारी बसली. तिने खरंच एक शब्द काढला नाही.

दुपारी वहिनीचा फोन आला. ती गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभी होती आणि हळू बोलत होती.

"माझं नाव कुठे घेऊ नकोस हं. बाबा जेवलेत."

"काय?"

"अगं, सगळं जेवले. वर भात मागून घेतला."

"व्हिडिओ बघून?"

"कसला व्हिडिओ! फोन आईंकडे होता. त्या आतल्या खोलीत घेऊन बसल्या. इकडे गोळी देऊन झालेली. मी किती वेळ थांबू? केलं ताट पुढे. खाल्लं मुकाट्याने. रात्रीचं त्यांना कोण भरवतं असं वाटतं तुला? मीच ना?"

"रात्री दूध..."

"दूध! दूध तर वरती लागतंच. बरे झालेत गं ते केव्हाचेच. डाव्या हाताने चमचा धरतात."

धाकटीने विचारलं, "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"आई म्हणाल्या, नको सांगू. सासू आहे बाई. मला ह्याच घरात नांदायचंय." वहिनीने चादर बाजूला करून जिन्याकडे बघून घेतलं. "आज आईच जेवल्या नाहीत. तुझा व्हिडिओ लावून बसल्या होत्या. संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्यांचं ताट अजून झाकलेलंच आहे."

वकिलाने शेजारून सगळं ऐकलं होतं. फोन बंद होताच तिने टाळी वाजवली. "निर्दोष मुक्तता! चल, आधी बाईंकडे."

धाकटी उठली नाही.

"अगं, जेवतायत ते! चमच्याने!"

"हो."

"आणि आई तुझ्याशी धडधडीत खोटं बोलली."

"हो."

"मग?"

"मग काय," धाकटी म्हणाली. "उद्या बोलते तिच्याशी."

संध्याकाळभर वकिलाने तिच्याकडून वाक्य घोटून घेतलं. आई, मला कळलंय, बाबा जेवतात. बस, एवढंच. वहिनीचं नाव नाही, आरडाओरडा नाही. सरळ वाक्य. धाकटीने ते नीट पाठ म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सत्राचा शेवट होता. ओट्यावर कुणाचंच सामान उरलं नव्हतं. फोन लागला. मिठाची बरणी, ताट, बाबा. धाकटी घास घ्या म्हणाली नाही. ती नुसती बघत राहिली. बाबांनीही तिच्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने चमचा उचलला आणि खायला लागले. घाई नाही, कुरकुर नाही.

"बघ, तुला बघितलं आणि कसे शहाण्यासारखे जेवतायत," आई मागून म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली.

दादा बाबांना घेऊन गेला. आईने फोन आपल्याकडे वळवला, आपलं ताट समोर घेतलं. स्वयंपाकघराच्या दारात वकील उभी होती. तिने भुवया उंचावल्या. बोल.

"आई, आमच्या बाई मला इथे राहा म्हणतायत. अजून एक वर्ष. प्रयोगशाळेत काम."

आईचा हात ताटावरच राहिला.

"राहा की," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. "एवढी शिकलीस ती कशाला? राहा."

"आणि बाबांचं जेवण?"

इथे आईला सांगता आलं असतं. धाकटीने तिला तेवढी वाट करून दिली होती. आईने पदराने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

"बघू त्यांचं काहीतरी."

"तू जेव ना, आई."

"जेवते गं. मेली घाई काय आहे?" तिने ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. "काल पेपरात काय लिहिलंस?"

सबंध सत्रात घरातून हे कुणी विचारलं नव्हतं.

"मातीबद्दल. पाणी किती धरून ठेवते, ते."

"हो का," आई म्हणाली. तिला आणखी काही विचारायचं होतं, पण काय विचारावं ते सुचत नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली. मागे घर शांत होतं. दादा दुकानाकडे गेला असणार, वहिनी कपडे धूत असणार, बाबा झोपले असणार. आईच्या गालांची हाडं कधी एवढी वर आली होती? इतके महिने रोज दिसणारा चेहरा, आणि धाकटीने तो कधी बघितलाच नव्हता. तिचा डोळा बाबांच्या ताटावर असे, नाहीतर घड्याळावर.

पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. एक शब्द उच्चारला की झालं असतं. आई पकडली गेली असती. मग ती म्हणाली असती, चुकलं गं माझं, तू राहा. आणि धाकटी राहिली असती.

आई ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"आई, मी येतेय."

"कुठे?"

"कुठे काय? घरी."

"अगं, पण तुझ्या बाई?"

"त्यांना सांगते मी आज."

दारातून वकिलाचा कण्हल्यासारखा आवाज आला, कुणी पोटात गुद्दा मारावा तसा. मग पावलं व्हरांड्यातून लांब जाताना ऐकू आली. का येतेस, असं आईने विचारलं नाही. तिने वरचं ताट बाजूला केलं. पहिला घास घेतला. मग दुसरा. भराभर जेवू लागली, परवापासून उपाशी असल्यासारखी. तोंडात घास असतानाच तिने विचारलं, "विमान कधी उतरतं गं?"

"बघून सांगते," धाकटी म्हणाली. "तू सावकाश जेव."